सुईवरचा आळ

गाठीला लोखंड लागलं की ती पेटते, सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो, तपासणीसाठी तुकडा काढला की माणूस सहा महिने काढत नाही. हे कधीच कानावर आलं नाही असं घर महाराष्ट्रात शोधावं लागेल. सांगणारा अडाणीच असतो असंही नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका सांगतात, शाळेत विज्ञान शिकवणारे सर सांगतात, दवाखान्याची पाटी लावून बसलेले काही जणही खालच्या आवाजात, अगदी आपुलकीने सांगतात. ऐकणाऱ्याच्या गालात तीन महिन्यांपासून चट्टा असतो आणि नेमकं हेच कुणीतरी म्हणावं अशी त्याची इच्छा असते. मग तुकडा काढायची तारीख पुढे जाते. मधे दिवाळी येते, सोयाबीन निघतं, मुलीचं लग्न ठरतं.

डॉक्टर मंडळी या समजाचं खंडन सहसा एका ओळीत उरकतात: ‘तसं काही नसतं, घाबरू नका.’ एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, व्हायचं कारणही नाही. ज्याने मेव्हण्याला ऑपरेशननंतर वर्षाच्या आत स्मशानात पोचवलं, त्याला ‘तसं काही नसतं’ म्हणणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. म्हणून त्याचं म्हणणं आधी पुरतं ऐकू.

तो म्हणतो, माणूस चालताबोलता होता. जेवत होता, शेतात जात होता. गालात जखम होती, पण होती तेवढीच होती. दवाखान्यात नेलं, तुकडा काढला आणि उतरती कळा लागली. मानेत गाठी आल्या, ऑपरेशन झालं, लाईट म्हणजे किरणोपचार दिले, पुन्हा उगवलं, गेला. यातला एकही तपशील मी नाकारत नाही. आधी हे झालं, नंतर ते झालं, एवढं खरं. पहिल्यामुळे दुसरं झालं, हे मात्र त्याने स्वतः जोडलेलं आहे.

ही जोडणी कशी होते ते पाहायचं तर दंतवैद्यांकडे जावं. खालच्या हिरडीत कॅन्सर वाढू लागला की तो दाताच्या मुळाशी हाड पोखरतो आणि दात हलायला लागतो. माणूस जाऊन दात काढून घेतो. महिना उलटतो, खड्डा भरत नाही, उलट त्यातून मांस वर येतं. मग तपासणी होते आणि घरात कायमचं ठरून जातं की दात काढला म्हणून कॅन्सर झाला. धडधाकट दात मुळात हलायला का लागला, हे कुणी विचारत नाही. तुकड्याच्या बाबतीत अगदी हेच घडतं. जखम गप्प असते तोवर कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. घास गिळताना कळ कानापर्यंत जाऊ लागली, तोंडात तीन बोटं जात होती तिथे एकच जाऊ लागलं, की मग नेतात. म्हणजे रोगाने उतार धरल्यावरच सुई येते. सुई नसती आली तरी तो उतार तसाच होता.

आणि ज्यांना अजून कुणी सुई लावलेलीच नाही, त्यांचं काय? पहिल्यांदा तपासायला येतानाच जबड्याखाली सुपारीएवढी, कधी लिंबाएवढी टणक गाठ घेऊन आलेले रोगी आपल्याकडच्या कुठल्याही कान-नाक-घशाच्या बाह्यरुग्ण विभागात दिसतात. ती गाठ म्हणजे तोंडातला कॅन्सर लसिकावाहिन्यांतून मानेत उतरल्याची खूण. त्या गाठीचा आळ कोणत्या सुईवर घ्यायचा?

तुकडा काढतात म्हणजे नेमकं काय करतात, तेही एकदा जवळून पाहावं. रोगी खुर्चीवर बसलेला असतो, डोक्याला दिवा बांधलेला डॉक्टर समोर. एका हाताने लाकडी पट्टी गालाला लावून तो आतला कोपरा उघडा करतो आणि हातमोज्यातल्या बोटाने जखमेची कड चाचपतो. साधा, दात लागून झालेला फोड बोटाखाली मऊ लागतो. कॅन्सरची कड पुठ्ठ्यासारखी कडक लागते, वर उचललेली असते आणि हात लावताच रक्त येतं. मग तेवढ्या भागाला भूल देऊन, चिमट्यासारख्या हत्याराने कडेचा तुरीच्या डाळीएवढा तुकडा घेतात. मधला घेत नाहीत, कारण मधे बरेचदा मेलेलं मांस असतं आणि त्यातून काही कळत नाही. कापसाचा बोळा पाच-दहा मिनिटं दाबून धरायचा आणि घरी जायचं. रोज भाकरीचा कडक पापुद्रा, सुपारीचं खांड आणि स्वतःचा धारदार दात याच जखमेला याहून जास्त ओरखडे काढत असतो. लोखंड लागल्याने कॅन्सर पसरत असता, तर खर्रा चघळणाऱ्याच्या तोंडातला कॅन्सर दर घासाला पसरला असता.

हा डाळीएवढा तुकडा नसेल तर पुढचं सगळं अंधारात. न भरणारी जखम क्षयरोगाची असू शकते, बुरशीची असू शकते, नुसती दाताची असू शकते. मानेतली गाठ क्षयाची असू शकते, आणि आपल्या देशात ती तशी पुष्कळदा असते. लसिकाग्रंथींचा कॅन्सर असेल तर उपचाराची दिशाच बदलते, तिथे मुख्य काम औषधांचं. तुकड्याच्या अहवालाशिवाय कुणाचा अर्धा जबडा काढणं हा गुन्हा ठरेल. तेव्हा ‘तुकडा नको, सरळ काय ते करा’ म्हणणारा स्वतःला सुईपासून वाचवून आंधळ्या सुरीखाली मान देत असतो.

सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी कधीच रुजत नाहीत, असं म्हणणं मात्र प्रामाणिकपणाचं नाही. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. एकेक रुग्ण वेगळा छापण्याइतकी ती गोष्ट विरळा आहे, एवढंच त्यातून कळतं. मानेतल्या गाठीसाठी वापरतात ती सुई साध्या इंजेक्शनच्या सुईएवढी बारीक असते. शिवाय पुढे ऑपरेशन होतं तेव्हा तो सगळाच भाग निघून जातो.

इथपर्यंत समोरच्याचं चुकलं. पण त्याच्या अनुभवात एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि तिच्याकडे डॉक्टरांनीही पुरेसं पाहिलेलं नाही. चुकीच्या जागी, चुकीच्या क्रमाने आणि अर्धवट चालवलेली सुरी खरोखरच घात करते. मानेत गाठ दिसली, तोंडात डोकावूनही पाहिलं नाही आणि लहान दवाखान्यात वरून चीर देऊन ‘गाठ काढून दिली’, असे प्रकार आजही घडतात. वय पन्नास, तंबाखूची सवय आणि मानेत टणक गाठ असेल तर आधी तोंड, घसा, जिभेचं मूळ, स्वरयंत्र दुर्बिणीतून पाहायचं, मग बारीक सुईने गाठीतून नमुना घ्यायचा, हा क्रम. वरून चीर देऊन गाठ उघडली तर पुढच्या मोठ्या ऑपरेशनचं मैदान आधीच खणलेलं असतं. पातळ्या एकमेकींना चिकटतात, कातडी नीट भरत नाही, पेशी सांडण्याचा धोकाही वाढतो.

कानाखालच्या लाळग्रंथीची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे सर्वांत जास्त आढळणारी गाठ कॅन्सरची नसते. वर्षानुवर्षं सावकाश वाढते, दुखत नाही. एके काळी सर्जन ती लिंबाची साल सोलावी तशी आवरणातून सोलून काढत असत, कारण त्या ग्रंथीतूनच चेहऱ्याची नस जाते आणि तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होतं. पण ते आवरण जागोजागी विरळ असतं. सोलताना फाटलं की आतला माल सांडतो आणि काही वर्षांनी एका गाठीच्या जागी द्राक्षांचा घड उगवतो. त्यानंतरचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड, नस वाचवणं तर फारच कठीण. आज नस आधी शोधून, तिच्या फांद्या मोकळ्या करून, गाठ भोवतालच्या ग्रंथीच्या थरासकट काढतात. हे पाहिलेला माणूस ‘सुरी लागली आणि पसरलं’ म्हणत असेल तर तो खोटं बोलत नाही. सुरी भीत भीत चालली म्हणून पसरलं, एवढी दुरुस्ती मी करीन.

तुकड्याची खरी मर्यादाही वेगळीच आहे, आणि तिने एका साम्राज्याचा वारस घालवला. १८८७ च्या आरंभी जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. स्वरतंतूवर गाठ दिसली. बर्लिनचे सर्जन बर्गमन गळा उघडून ती काढायच्या तयारीत होते, ऑपरेशनचा दिवसही ठरला होता. आदल्या दिवशी लंडनहून त्या काळचे नामवंत घसातज्ज्ञ मॉरेल मॅकेंझी आले आणि म्हणाले, आधी तुकडा तपासा. तुकडा गेला रुडॉल्फ विर्खो यांच्याकडे, म्हणजे पेशींच्या रोगशास्त्राच्या जनकाकडेच. कॅन्सर दिसत नाही, असं उत्तर आलं. ऑपरेशन रद्द झालं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत कॅन्सर आहे हे सर्वांनी कबूल केलं, फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं, मार्चमध्ये ते सम्राट झाले आणि ९९ दिवस राज्य करून १५ जूनला वारले. मॅकेंझींना मूर्ख म्हणायची घाई करू नये, कारण स्वरयंत्राच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये त्या काळी पुष्कळ रोगी टेबलावर किंवा पुढच्या काही दिवसांत जात. पण मुद्दा असा की छोट्या तुकड्यात कॅन्सर सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असं होत नाही. डोळ्यांना आणि बोटाला संशय असेल तर दुसरा तुकडा घ्यावा लागतो. सुईवर आरोपच करायचा असेल तर हा करा, कधीकधी ती कमी सांगते. ‘पहिल्यात नाही आलं ना, मग परत कशाला टोचता?’ असं घरचे विचारतात तेव्हा सर्जनने फ्रेडरिकची आठवण ठेवून हट्ट धरावा.

आता दुसरा गट. हा शिकलेला आहे, इंटरनेट वाचतो, मुलगा न्यू जर्सीत असतो. सुईला तो भीत नाही. त्याचं म्हणणं, चिरफाड ही मागासलेली पद्धत झाली, परदेशात आता लाईट आणि केमोनेच बरं करतात, इथले सर्जन मात्र जबडे कापत बसलेत. हा आक्षेप पहिल्यापेक्षा वजनदार आहे, कारण त्याला आधार आहे. १९९१ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. स्वरयंत्राच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये आधी केमो आणि मग लाईट दिल्यावर जवळपास दोन तृतीयांश रोग्यांचं स्वरयंत्र वाचलं आणि आयुष्य कमी झालं नाही. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा, विषाणूमुळे होणारा जो कॅन्सर पाश्चात्त्य देशांत वाढतो आहे, तोही लाईटला चांगला वितळतो. इथल्या मोठ्या केंद्रांतही स्वरयंत्राच्या रोग्याला हा पर्याय दिला जातो.

पण न्यू जर्सीचा कॅन्सर आणि नांदेडचा कॅन्सर एका जागी बसलेला नाही. आपल्याकडे तंबाखूची गोळी, मावा, खर्रा, मिश्री गाल आणि हिरडी यांच्या खाचेत ठेवली जाते, तासन् तास. कॅन्सर तिथेच होतो, जबड्याच्या हाडाला खेटून. लाईटची पुरेशी मात्रा तिथे द्यायची तर हाडालाही तीच मात्रा बसते आणि पुढे ते हाड कुजण्याचं दुखणं मागे लागतं. हाडात शिरलेला कॅन्सर तर लाईटला दादही फारशी देत नाही. त्यात सुपारीने तोंड आक्रसलेलं. सुपारी एकटीच, तंबाखूशिवायही, कॅन्सरला कारणीभूत होते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं, तरी ‘मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी’ हे वाक्य अजून अभिमानाने म्हटलं जातं. सिंगापूरला ऑपरेशन अधिक लाईट विरुद्ध केमो अधिक लाईट अशी थेट तुलना झाली होती. चाचणी लहान होती, ११९ रोग्यांची. त्यातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या गटात पाच वर्षांनंतर रोगापासून वाचलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनच्या बाजूला ६८ टक्के आणि दुसऱ्या बाजूला १२ टक्के निघालं. संख्या लहान म्हणून हे आकडे हात राखून वाचावेत, पण फरक हात राखूनही दिसतोच. मुलगा न्यू जर्सीहून जे वाचून सांगतो ते खरं असतं, फक्त ते त्याच्या बाबांच्या रोगाबद्दल नसतं.

इथल्या रोगाबद्दलचं सर्वांत मोलाचं उत्तर इथेच, मुंबईत परळला मिळालं. जिभेचा किंवा गालाचा कॅन्सर लहान आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही, सोनोग्राफीतही नाही. अशा वेळी मानेतल्या लसिकाग्रंथी आताच काढायच्या, की वाट पाहायची आणि गाठ आली तर काढायच्या? जगभरचे सर्जन या प्रश्नावर पन्नास वर्षं भांडत होते. वाट पाहा म्हणणाऱ्यांची बाजू आपल्या काकांच्या बाजूसारखीच होती, दिसत नाही त्याला कशाला सुरी लावता? तिथल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००४ पासून दहा वर्षं रोग्यांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटून हे तपासलं. २०१५ मध्ये पहिल्या ५०० जणांचे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. मान आधीच साफ केलेल्या २४५ जणांपैकी ८१ जणांत रोग उलटला, वाट पाहिलेल्या २५५ पैकी १४६ जणांत. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. म्हणजे ‘थोडं थांबू, बघू काय होतं ते’ या, वरवर सर्वांत सौम्य आणि शहाण्या वाटणाऱ्या सल्ल्यामुळे दर आठ माणसांमागे एक माणूस जास्त गेला. आणि तेही टाटासारख्या ठिकाणी, जिथे रोगी ठरलेल्या तारखेला तपासायला येत होते. गावाकडचं ‘थांबू’ याहून कितीतरी लांबतं.

मधे कुणीतरी नावं घेतोच. शरद पवारांचं २००४ च्या सुमारास तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यानंतर ते दोन दशकं सभा घेत राहिले, म्हणून ऑपरेशन चांगलं. आर. आर. पाटील याच रोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले, म्हणून काही उपयोग नाही. दोन्ही युक्तिवाद सारखेच पोकळ. दोघांच्या रोगाची जागा, खोली, वेळ आपल्याला ठाऊक नाही. एकेका माणसाकडे बोट दाखवून या रोगात काहीही सिद्ध करता येतं, म्हणून तर पाचशे माणसं मोजावी लागली.

तिसरा आक्षेप मात्र मला उडवून लावता येत नाही. ‘चेहरा राहत नाही हो. असं जगून काय करायचं?’ हे बोलणारा बहुधा रोगी स्वतः असतो, आणि स्त्री असेल तर हे ती बोलतही नाही, नुसती तारीख चुकवते. जबड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा एक गाल बसतो. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळते आणि हातात सतत रुमाल लागतो. कित्येकांना पुढे आयुष्यभर भाकरी कुस्करून, दुधात भिजवून खावी लागते. मानेच्या ऑपरेशनमध्ये खांदा उचलणारी नस दुखावली तर हात डोक्यावर जात नाही, केस विंचरता येत नाहीत. लाईटनंतर तोंड कोरडं पडतं ते पडतंच. नातेवाईक लग्नाचं बोलावणं देतात आणि मनातून न आलेलं बरं असं त्यांना वाटत असतं, हेही रोग्याला कळतं. सर्जनने हे आधी सांगितलं पाहिजे, आणि सह्या घेण्याच्या गर्दीत पुष्कळदा ते सांगितलं जात नाही. रोग्याच्या शंकेला तिथूनच धार येते.

तरीही या आक्षेपातलं गृहीतक तपासायला हवं. ऑपरेशन नाकारलं तर चेहरा राहतो, असं ते गृहीत धरतं. राहत नाही. गालातला कॅन्सर वाढत वाढत बाहेरच्या कातडीतून फुटतो. त्या भोकातून प्यायलेलं पाणी बाहेर येतं. जखमेला वास सुटतो आणि तो वास घरात कुणाला लपवता येत नाही. पावसाळ्यात माशी बसली तर अळ्या होतात. मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचलं तर एके रात्री उशी रक्ताने भरते. तेव्हा निवड पूर्ण चेहरा आणि अर्धा चेहरा यांत नसते. ज्यांचा रोग खरोखरच हाताबाहेर गेला आहे त्यांनी ऑपरेशन नको म्हणणं योग्यच आहे. मॉर्फिन, जखमेची निगा, नळीतून अन्न, हा त्यांचा हक्क आहे आणि चांगला डॉक्टर तो आपणहून देतो. पण दोन सेंटिमीटरच्या जखमेला ती भाषा लावू नये.

शिवाय सुरी फक्त कापते हेही अर्धंच खरं. १९०६ मध्ये जॉर्ज क्राइल यांनी अमेरिकेत मानेच्या लसिकाग्रंथी एकसंध काढायची पद्धत मांडली, तेव्हा मानेतली मोठी शीर, मोठा स्नायू आणि खांद्याची नस तिन्ही सोबत जात. पुढे अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी दाखवलं की ग्रंथी आणि चरबी ज्या पडद्यांत गुंडाळलेली असते ते पडदे उलगडले तर या तिन्ही गोष्टी जागच्या जागी ठेवता येतात. आज लहान कॅन्सरसाठी मान उघडतात तेव्हा सर्जन ती नस, दोऱ्याएवढी पांढरी, चरबीतून उकलून बाजूला जपून ठेवतो. जबड्याच्या जागी पायाच्या पोटरीतलं बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट काढून, जबड्याच्या आकारात कापून बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शिरेला शीर जोडतात. ते जमण्यासारखं नसेल तर छातीचा स्नायू कातडीसकट वर वळवून गाल भरतात. दिसायला तो ओबडधोबड असतो, पण टिकाऊ, आणि गर्दीच्या रुग्णालयात आजही तोच वाली.

हे सगळं परक्यांचं ज्ञान, आपलं नव्हे, असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचीच एक नोंद. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कारागीर जातीच्या वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. दोन इंग्रज सर्जननी ते पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासह आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी वीस वर्षांनी लंडनमध्ये तसंच नाक बसवलं, आणि युरोपची नवी प्लास्टिक सर्जरी तिथून पुढे गेली. कपाळाची ती कातडी आजही नाकाच्या कॅन्सरनंतर वापरतात. राहिला आयुर्वेद. ज्याच्या नावाने सुरी नाकारली जाते त्या सुश्रुताने अर्बुद, म्हणजे वाढती गाठ, शस्त्राने काढायला सांगितलं आहे आणि बजावलं आहे की थोडंही मागे ठेवलं तर ती पुन्हा उगवते. टाटाच्या चाचणीच्या निष्कर्षाशी सुश्रुताचं भांडण झालं नसतं. ‘लोखंड लावू नका’ म्हणणाऱ्या काकांशी झालं असतं.

पैशाचा आरोप उरतो. डॉक्टरांचा धंदा आहे, म्हणून ऑपरेशन सांगतात. खासगी रुग्णालयांच्या बिलांबद्दल मी कुणाची वकिली करणार नाही. पण हिशेब करून पाहा. जिभेच्या कडेचा दीड सेंटिमीटरचा कॅन्सर काढून जीभ तिथल्या तिथे शिवता येते, मान एका बाजूने साफ करतात, रोगी आठवडाभरात घरी जातो आणि बहुतेकदा लाईटही लागत नाही. तोच रोगी सहा महिन्यांनी आला तर जबडा, पोटरीचं हाड, सर्जनांच्या दोन तुकड्या, दहा तासांचं ऑपरेशन, अतिदक्षता विभाग, नाकातली नळी, मग सहा आठवडे लाईट आणि जोडीला केमो. धंदाच करायचा असता तर डॉक्टरांनी ‘थांबा, बघू’ असंच सांगितलं असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही ऑपरेशनं आहेत. तिथले कागद, मंजुरी, रांग यांत जाणारे दिवस हा खरा भांडायचा विषय आहे आणि त्यावर भांडायला काकांचा आवाज उपयोगी पडेल. शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असं अनेक प्रकारच्या कॅन्सरवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी करून २०२० मध्ये मांडलं गेलं आहे.

आणि सर्वांत स्वस्त गोष्ट तर सुरीच्याही आधीची. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर एक चाचणी झाली. पदवीधर कार्यकर्ते घरोघर गेले, दिव्याच्या उजेडात तोंड पाहिलं, संशय आला त्याला दवाखान्यात पाठवलं. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे तोंडात ठेवायचा तंबाखू खाणारे प्रौढ चारात जवळपास एक. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, ती पानाच्या टपरीवर कशी पाळली जाते हे सगळे जाणतात. देशात दरवर्षी ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४० हजार नवे रोगी सापडतात आणि ८० हजारांच्या आसपास जातात.

शेवटी ज्यांच्याकडे हे काका रोग्याला पाठवतात त्यांच्याबद्दल. अमक्या गावी मुळी देतात, तमक्याकडे चूर्ण आहे, आमच्या ओळखीच्या तिघांचा कॅन्सर सुईशिवाय बरा झाला. या तिघांना कॅन्सर होता हे कशावरून ठरलं? तुकडा काढलेला नाही, कारण तुकडा काढायचाच नाही हाच तर तिथला पहिला नियम. क्षयाची गाठ, दाताचा फोड, आठवड्यात आपोआप बसणारी सूज, सगळं त्या नियमाखाली कॅन्सर ठरतं आणि बरंही होतं. ज्यांना खरंच होता ते परत सांगायला येत नाहीत. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने या देशात मना आहेत, तरी एसटी स्टँडच्या भिंतीवर त्या रंगवलेल्या सापडतात. तेव्हा पुढच्या वेळी कुणी बरं झालेल्याचं नाव सांगितलं तर काकांकडे तीनच कागद मागावेत, आधीचा तुकड्याचा अहवाल, आधीचं स्कॅन आणि दोन वर्षांनंतरचं स्कॅन. पहिला कागद त्यांच्याकडे असेल, तर त्या रोग्याला सुई लागलेली आहे. नसेल, तर बरं काय झालं ते त्यांनाही माहीत नाही.